तात्यांच्या ताऱ्यावरची धूळ

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर भर दुपारी ही भली मोठी रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण स्वतःचा तारा बघायला आला होता. तारे बघायला रात्र लागते, हा समज दुकानात नव्याने बस्तान मांडलेल्या ताराबुवांनी आल्या आल्याच मोडीत काढला होता. "रात्री दिसतात ते सार्वजनिक तारे! खाजगी तारा दुपारीच दिसतो," असं ते ठणकावून सांगत आणि लोक माना डोलावत. छतातून खाली आलेल्या पितळी नळीला डोळा लावला की काळ्याकुट्ट अंधारात एकच ठिपका दिसे. लाल निघाला तर माणूस तापट, निळा निघाला तर थंड डोक्याचा.

"आमच्या सासूबाईंचा लाल निघाला," एक बाई मागचीला सांगत होती. "मला लग्नापासून शंका होतीच. आता शास्त्रानंच सिद्ध झालं."

रांग मोडून आत घुसलेल्या तात्यांच्या लेकीला एरवी यावर हसू फुटलं असतं. ती वेधशाळेत नोकरीला होती. तारे किती जुने, कशाचे बनलेले, कुठून कुठे चाललेत हे तपासायचं आणि त्यावरून आपली आकाशगंगा कशी घडली ते शोधायचं, हे तिचं रोजचं काम. निळे तारे सगळ्यांत तापलेले आणि लाल तारे त्या मानाने निवलेले असतात, हे ती शाळेतल्या मुलांनाही सांगत असे. पण आज तिला हसायला वेळ नव्हता.

तात्या शिंपी होते. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेला होता. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून दाब वाढू लागला होता. "आता थांबलात तर नजर परत येणार नाही," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ऑपरेशनसाठी आजची दुपार दिली होती. आणि तात्या घरातून निघून दवाखान्याऐवजी इथे येऊन बसले होते.

"तात्या, उठा. डॉक्टर वाट बघताहेत."

"थांब गं. माझ्या ताऱ्यावर धूळ बसलीय. स्वतः बघितलं मी, पार धुरकट दिसतो. बुवा म्हणतात, धूळ असताना डोळ्याला हत्यार लागलं तर तारा तडकतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एकच डोळा आहे गं माझा."

तिला भडभडून आलं. भीती खरी होती, आणि बुवा नेमकी तीच विकत होता.

"तारा आकाशगंगेच्या तिसऱ्या भुजेत आहे, ऐन वळणावर," बुवा डोळे मिटून म्हणाले. "तिथे रहदारी फार. धूळ उडणारच! रोज येऊन बसलात तर महिन्याभरात झाडून देतो."

"आकाशगंगेत धूळ असते, हे खरं आहे," लेक म्हणाली. बुवांनी चमकून डोळे उघडले. एवढा पाठिंबा त्यांना अपेक्षित नव्हता. "पण ती ताऱ्याच्या वाटेत असेल, तर बघणाऱ्या सगळ्यांनाच तारा मंद दिसेल. काकू, जरा तात्यांचा तारा बघता का?"

रांगेत उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंनी नळीला डोळा लावला. "अगंबाई! लख्ख दिसतोय की!"

"काकूंची पुण्याई दांडगी," बुवा घाईने म्हणाले.

"असेल. मग आता काकूंचा तारा तात्यांना दाखवा."

रांगेतून "दाखवा, दाखवा" असा गलका झाला. बुवांच्या चेल्याने कुरकुरत कळ फिरवली. तात्या वाकले. "हाही धुरकट." मग सासूबाईंचा लाल तारा झाला, पुढच्या माणसाचा निळा झाला. सगळे धुरकट. तात्या सावकाश ताठ झाले. माप चुकलेला सदरा समोर यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"बुवा, म्हणजे सबंध आकाशगंगेवर धूळ बसलीय, आणि ती मला एकट्यालाच दिसते?"

बुवांनी मंत्र सुरू केला. तोवर लेकीने पिशवीतून एक पारदर्शक पट्टी काढली. तिच्यावर नजरेला न दिसणाऱ्या बारीक रेघा होत्या. "वेधशाळेत आम्ही तारा नुसता बघत नाही, त्याचा प्रकाश फोडतो. कशाचा बनलाय ते त्यावरून कळतं. चेलेबुवा, तात्यांचा तारा परत लावा. काकू, ही डोळ्यासमोर धरून बघा."

"ठिपके दिसतात गं! जांभळा, हिरवा, नारिंगी. सुटे सुटे."

"खऱ्या ताऱ्याचे रंग सलग पसरतात, इंद्रधनुष्यासारखे. आता छतावरच्या ट्यूबलाइटकडे बघा."

काकूंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मेलं, तेच रंग!"

"कारण दोन्हीत पारा आहे. हा तारा त्या ट्यूबचा सख्खा भाऊ आहे."

तेवढ्यात रांगेतला वायरमन पुढे आला. "दिवा आहेच तिथे, मीच बसवलाय. आधी साधा बल्ब होता, पण त्यानं खोकं तापून तारा जळका वास मारायचा, म्हणून ट्यूबच्या जातीचा लावला."

"मग रांगेत कशाला उभा आहेस?" तात्या ओरडले.

"मला वाटलं, दिवा नुसता सोबतीला असेल. तारा वेगळा असेल."

स्टुलावर चढून त्यानेच छताची फळी सरकवली. वर पत्र्याचं खोकं, आत दिवा, पुढे टाचणीने भोकं पाडलेली फिरती चकती आणि काही भोकांवर लाल-निळे कागद. झाली आकाशगंगा! बुवांनी तोवर मागचं दार गाठलं होतं. सगळ्यांनी एकेक भोक निरखलं. "तरी माझं भोक मोठं होतं," असं कोणीतरी अभिमानाने म्हणालंच.

दवाखान्याच्या पायरीवर तात्या थबकले. "भीती वाटते गं."

"वाटू दे. मलाही वाटतेय. डॉक्टरांनाच विचारा काय विचारायचं ते, ते उत्तर देतील. उत्तर मागितल्यावर जो पुण्याईवर घसरतो, त्याच्या हातात डोळा द्यायचा नाही."

"आणि माझा खरा तारा कुठला मग?"

तिने त्यांच्या खांद्यावर पडलेल्या उन्हाकडे बोट दाखवलं. "हा सूर्य. आकाशगंगेतला एक साधा, मध्यमवयीन तारा. तुमचा, माझा, त्या सासूबाईंचासुद्धा."

"सगळ्यांचा मिळून एकच?" तात्यांनी क्षणभर विचार केला. "मग बुवानं एकेकाला वेगवेगळा कसा विकला?" आणि लेकीचा हात घट्ट धरून ते पायऱ्या चढू लागले.