माहेर खाली उतरलं

बस जिवल्या, बस. बैलं आत्ताच पाड्यातनं खाली आलीत, पेंढा खातायत, ती काय आता उठायची नायत. तुला गाडी पायजे, सुलूला वर पाड्यात तिच्या आईकडं सोडायला. कळलं मला. पहिलटकरीण हाय, माहेराला जायची रीत हाय, सगळं बरोबर. गाडी देतो. पण आदी एक गोष्ट सांगतो ती ऐक. लई मोठी नाय, चहा संपंस्तवर होईल. झाली की मंग तूच सांग, गाडी कुठं न्यायची ती.

हसतोस काय? ऐक तर.

तुझी सासू कमळी, तिच्या घराच्या खालच्या अंगाला ठकी मावशी ऱ्हाते. केस पांढरे, पण अजून लाकडाची मोळी एकटी डोक्यावर चढवते, ती. तिची लेक नवसी. नवसीचं लगीन झालं मंगळ्याशी, नि दोघं पोटासाठी खाली आली. आदी केळव्याला सुपारीच्या वाडीत पाणी लावायला व्हती. मंग इथं तारापूरला अणूच्या वीजघराचं काम निघालं, तशी मजुरांच्या कॅम्पात आली. मंगळ्या खडीवर, नवसी घमेली वाहायची. चार-एक सालं अशी गेली. वर पाड्यात यायची ती फकस्त होळीला. नाचून झालं की परत खाली.

आता तू म्हणशील खाडीकडं काय मच्छर कमी? मच्छर मस व्हते. पण हिव, तो थंडीताप, नव्हता. सरकारची माणसं पाठीला पंप बांधून यायची नि घराघरात पावडर मारून जायची. कॅम्पात तर पत्र्याला हात लावला तरी बोट पांढरं व्हायचं, नि तिथं टेकला तो मच्छर मेला.

वर पाड्यात पण पावडरवाले यायचे, नाय असं नाय. पण आमचा कारभार कसा? त्यांनी कुडाच्या भिंतीला पावडर मारली, की ते टेकाड उतरायच्या आत बायका शेणाचा काला करायच्या नि भिंत सारवून टाकायच्या. वास येतो म्हणून. भिंत पण ठीक नि मच्छर पण ठीक. ठकी मावशी त्यात सगळ्यांच्या पुढं.

नि आमाला हिवाची भीती पण नव्हती. पोरांना यायचं ते यायचं. पण एकदा माणूस मोठा झाला की हिव त्याला काय करत नाय. आलं तर एक दिस उन्हात घोंगडी घेऊन बसायचं, दुसऱ्या दिसाला कापणी. आडवा पडायचा तो एकटा शाळेचा मास्तर. वसईकडचा व्हता बिचारा. दर दिवाळीच्या टायमाला त्याची खाट गदागदा हलायची, नि पोरांना सुट्टी. बायका म्हणायच्या, मास्तरचं रगत पातळ. खालचं पाणी, खालचं रगत.

तर ज्या साली पाकिस्तानशी लढाई झाली त्या सालची गोष्ट. लढाई थांबली, भात पिवळं पडलं, नि नवसीला आठवा लागला. ठकी मावशी माझ्याकडं आली. "भिका, गाडी जुंप. लेकीला आणायची." मंगळ्या जरा कांकूं करत व्हता. कॅम्पात दवाखाना हाय, कंपौंडर हाय, इथंच होऊ दे म्हणाला.

ठकी मावशी त्याला म्हणाली, "जावईबापू, पयलं बाळंतपण माहेराचं. का माझी चूल विझली असं गावाला सांगू?"

मंगळ्यानं नवसीचं गाठोडं उचलून गाडीत ठेवलं. सासूपुढं कोण बोलतो? तू बोलतोस का कमळीपुढं? नाय ना, मंग.

आणली तिला. गाडीत भाताचा पेंढा जाड टाकला व्हता, नवसी वर बसून कॅम्पातल्या गमती सांगत आली. पाड्यात पोचलो तर बायका जमल्या, कुणी केळी आणल्या, कुणी अंडी. ठकी मावशी इतकी खुश, मला कोंबडा खायला घातला नि म्हणाली, "आता तुझ्या बैलांना विसावा घेऊ दे."

बैलांनी विसावा काय घेतला? आठ-धा दिस नाय झाले तो नवसीला हिव भरलं.

पयल्या दिवशी कुणाला काय वाटलं नाय. ठकी मावशीनं काडेचिराईत उकळून पाजलं, घोंगडी टाकली. बायका आल्या तशा गेल्या. ठकी मावशी म्हणाली, "ती काय मास्तर हाय का? इथल्याच वहाळाचं पाणी पिऊन वाढली. एक दिस थंडीनं कापंल नि उठंल."

नाय उठली. एक दिस सोडून परत भरलं, मंग रोजच. त्यातच पावडरवाल्यांचा एक माणूस फिरत आला. तो बोट टोचून काचेवर रगत घ्यायचा नि गोळ्या द्यायचा. त्यानं नवसीचं रगत घेतलं, चार गोळ्या ठकी मावशीच्या हातावर ठेवल्या, आत्ताच्या आत्ता दे म्हणाला, नि पुढच्या पाड्याला गेला.

नि ठकी मावशीनं काय केलं ठाऊक हाय? पदरात बांधून त्या गोळ्या मास्तरला नेऊन दिल्या. तो पण त्याच हप्त्यात पडला व्हता. म्हणाली, "खा बाबा, तुला कोण हाय इथं. माझी लेक तर घरात हाय, तिला मी हाय." चांगल्या मनानं दिल्या. मास्तर दोन दिसांत उठून बसला.

इकडं नवसीच्या डोळ्यांत पिवळं उतरलं. ओठ पांढरे, जसं काय रगतच नाय अंगात. बोलंना. पोटावर हात ठेवून नुसती पडून. तवा मात्र ठकी मावशी उजाडताना माझ्या दारात आली. जोत्यावर बसली. मी समजलो. गाडी जुंपली.

पालघरला न्यायचं म्हणजे आख्खा दिस. ठकी मावशीनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, नि मी बैलांना मारलं नाय, कारण गचका बसला की नवसी कण्हायची. वाटेत मावशी एकदाच बोलली. "भिका, आमचं पाणी तिला कसं लागलं रं? आमचंच पाणी."

पालघरच्या दवाखान्यात पुष्पलताबाई डॉक्टरीण व्हत्या. केळव्याच्याच त्या. बाईमाणूस, पण आवाज असा की कंपौंडर पळत यायचा. त्यांनी नवसीला आत घेतली, इंजेक्शन दिलं. बोट टोचलं. मंग ठकी मावशीकडं बघितलं नि म्हणाल्या, "तुमचं पण द्या."

"मला काय धाड भरली? मला कवा हिव येत नाय," मावशी म्हणाली.

"म्हणूनच द्या."

तिचं टोचलं, माझं पण टोचलं. माझ्यात काय निघालं नाय. नवसीच्यात किडे निघाले, ते ठाऊकच व्हतं. पण रातच्याला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या नि म्हणाल्या, "ठकीबाई, तुमच्या रक्तातही तेच किडे आहेत. थोडे आहेत, पण आहेत."

मावशी म्हणाली, "मंग मी आडवी का नाय पडली? मी तर सकाळी पाण्याचे दोन हंडे आणून निघाले."

आता डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या डोक्यानं सांगतो, कारण त्यांचे सबूद मला येत नायत. बघ, भातात डुक्कर येतं म्हणून आपण माळा बांधतो नि राखण्या बसवतो. दरसाल डुक्कर येतं, म्हणून राखण्या जागा ऱ्हातो. डुकराची वाट त्याला ठाऊक असते, नुसतं पान हललं तरी तो हाळी देतो. डुक्कर येतं, दोन लोंब्या खातं, पळतं. शेत जात नाय. आपल्या अंगात पण असेच राखणे असतात. वर ऱ्हाणाऱ्याला दरसाल हिव येतं, म्हणून त्याचे राखणे जागे. किडा अंगात असतो पण त्याला कोण हातपाय हलवू देत नाय. पण चार सालं डुक्कर आलंच नाय तर? राखण्या घरी जातो. माळा कुजतो. मंग एका रातीत कळप येतो नि शेत साफ.

नवसीचं तेच झालं. खाली हिव नाय, राखणे झोपले. त्यात पहिलटकरीण. बाई म्हणाल्या, पोर ज्या वारेला धरून वाढतं ती जागा अंगाला नवीन असते. किडा तिथं जाऊन लपतो, नि तिथं राखण करायला अंग अजून शिकलेलंच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शिकतं, पयल्याला नाय.

"तुमची लेक आता मास्तरासारखी झाली आहे, ठकीबाई," त्या म्हणाल्या. गोळ्यांची गोष्ट मीच त्यांना सांगितली व्हती.

ठकी मावशी म्हणाली, "मंग मी कवा शिकले?"

बाईंनी उलटं विचारलं, "तुमची मुलं किती?"

"पाच झाली."

"आणि आहेत किती?"

"तीन."

"ती दोन कधी गेली?"

मावशी म्हणाली, "एक चालायला लागला व्हता. दुसरी दात येताना. तापानंच गेली. भगत म्हणाला बाहेरचं हाय, कोंबडं पण दिलं."

डॉक्टरीणबाईंचा आवाज तवा खाली आला. म्हणाल्या, पोर जन्माला येतं ते आईचे राखणे उसने घेऊन येतं. चार-सहा महिने ते पुरतात. मंग ते जातात, नि पोराला सोताचे तयार करावे लागतात. ते होईस्तवर हिव येतच ऱ्हातं. काही पोरं शिकून मोठी होतात, काही शिकता शिकता जातात. "पाड्यातल्या मोठ्या माणसांना काही होत नाही, असं तुम्ही म्हणता. जी राहिली ती मोठी झाली, म्हणून तसं दिसतं."

मी बाहेर गेलो, बैलांना पाणी दावायला. पाणी व्हतंच समोर. पण गेलो.

नवसी वाचली. पोरगी झाली, महिना आदीच, एवढीशी, माझ्या दोन पंज्यांत मावंल अशी. बाईंनी कापसात गुंडाळून ठेवली. पंधरा-वीस दिस आमी तिथंच, दवाखान्याच्या मागं चूल मांडून. मंगळ्या पण आला कॅम्पातून. सासूला वाकडा सबूद बोलला नाय. उलट सुकटीची चटणी घेऊन आला, मावशीला आवडते म्हणून. मावशी ती खाताना रडली, नि म्हणाली तिखट लई झालं.

मी समजलो झालं, संपलं. नवसी नि तिची पोर खाली कॅम्पात गेल्या, मावशी वर गेली. पण तिच्या मनातून ते गेलं नाय. माहेराचं बाळंतपण माहेराला झालं नाय, हे एक. नि माहेरानंच लेकीला मारायला घेतलं व्हतं, हे दुसरं. येताजाता मला विचारायची, "भिका, नवसीला परत दिस गेले तर मी काय करू रं? बोलावू का नको बोलावू? बोलावलं तर हिव, नाय बोलावलं तर ती म्हणंल आई विसरली."

मी म्हणायचो, मला बैलांचं विचार. मी बैलं हाकणारा माणूस.

मंग ह्या साली नवसीला परत दिस गेले. एक दिस मी शेतातून येतो, तर माझ्या दारात ठकी मावशी. डोक्यावर टोपली. टोपलीत नागलीचं पीठ, पायांना सुंभ बांधलेली कोंबडी, नि फडक्यात बांधलेलं काय तरी जड. म्हणाली, "जुंप."

"कुठं?"

"तारापूरला. माहेर खाली न्यायचं हाय."

मला वाटलं मावशीला ऊन चढलं. फडक्यात काय म्हणून विचारलं, तर तिनं सोडून दाखवलं. माती. सोताच्या चुलीपुढची माती, उकरून घेतलेली. म्हणाली, "नवसी हिच्यावर झाली व्हती. तिचं पोर पण हिच्यावर होऊ दे. मंग कोण म्हणतो माहेराला झालं नाय?"

कॅम्पात पोचल्यावर तिनं मंगळ्याच्या झोपडीत कोपरा सारवला. पत्र्याची पावडर मात्र तशीच ठेवली, हात लावला नाय. ती माती पसरली, वर गोधडी टाकली. नि मंग कंपौंडरकडं गेली, आपण होऊन. डॉक्टरीणबाईंनी तिला पालघरलाच सांगून ठेवलं व्हतं, तुमच्या अंगातला किडा मच्छर उचलतो नि दुसऱ्याच्या अंगात सोडतो. हात पुढं करून म्हणाली, "दे ती कडू गोळी. माझ्यासाठी नको, लेकीसाठी दे." खाऊन असं तोंड केलं, कंपौंडर पण हसला.

पोरगा झाला. जाडा हाय. त्याच मातीवर झाला. कॅम्पात परत गेलास की बघ, मावशी अजून तिथंच हाय, बाळाच्या पाचवीची दारू मंगळ्याच्या मुकादमाला पण पाजली. वर जायचं नाव काढत नाय. म्हणते, आता माझे पण राखणे झोपले असतील, मला घाबरायला होतं.

झाला ना चहा? ती कपबशी ठेव तिथं.

आता तुझी सुलू. तीन सालं कॅम्पात हाय, पहिलटकरीण हाय, नि भात पिवळं पडलंय. वर कमळी वाट बघतेय, अंडी साठवून ठेवलीत तिनं, मी सोता बघितली. मी जाऊन सांगितलं तर ती मला म्हणंल, भिका म्हातारा झाला, बैलांनी लाथ मारली डोक्यात. पण तू जावई हायस. जावयानं हात जोडून बोलावलं तर कमळी नाय म्हणायची नाय.

तर गाडी घे, बैलं घे, भाडं नको. पण सुलूला वर नेऊ नको, जिवल्या. तू एकटा जा, नि कमळीला खाली घेऊन ये. चुलीपुढची माती घ्यायला सांग, विसरंल ती.