दुसऱ्या विमानातली जागा

रेवणप्पांनी कागद काउंटरवरून पुन्हा श्रीशैलकडे सरकवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काढून टाक."

"काय काढू, मामा?"

"दुसऱ्या विमानाचं. पहिल्याचं राहू दे पाहिजे तर."

श्रीशैलने चष्मा कपाळावर चढवला. सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या त्याच्या ऑफिसात दिवसभर माणसं येत, कुणी काशीची यात्रा विचारायला, कुणी दुबईला नोकरीला निघालेलं. मिळालेली चांगली जागा नको म्हणायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"जरा समजून घ्या की. हैदराबादहून आखातात चार तास. तितं विमान बदलायचं. तितनं शिकागो चौदा तास. तुमच्या महेश्वरीताईनं पुढच्या भारी वर्गाची दोन व्हाउचर लावलीत, एकेका विमानाला एक. चार तास कुणी पण बसतंय हो. खरी गंमत चौदा तासांत हाय. खुर्ची सपाट होते, गादीवर झोपल्यागत. उशी देतात, पांघरूण देतात. आणि तुमी नेमकं तेच काढ म्हणताय!"

"मागं बसव मला."

"लोक ह्याच्यासाठी भांडतात माझ्याशी."

"बेचाळिसावी रांग असते. तितली ई नंबरची खुर्ची मिळते का बघ."

श्रीशैलने बटणं दाबली आणि स्क्रीनकडे बघत राहिला.

"मिळते की. का न्हाई मिळणार? मधली हाय ती, दोन्हीकडनं माणसं. ती खुर्ची कुणी मागून घेत न्हाई, मामा. नंबर कुठनं काढला? ज्योतिष्यानं सांगितला काय?"

रेवणप्पा हसले नाहीत. तेव्हा श्रीशैललाही आपण कुणाची थट्टा करतोय ते आठवलं असावं. त्याने चष्मा खाली ओढला आणि उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

गेल्या वर्षीची तिकिटंही त्यानेच काढली होती. रेवणप्पा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, गुरम्माने पहिल्यांदाच विमानात पाऊल ठेवलं, तेही लेकीकडे जाण्यासाठी. महेश्वरी कंपनीच्या कामाने सारखी फिरायची, म्हणून तिला वर्षाला अशी दोन व्हाउचर मिळत. गेल्या वर्षी तिने दोन्ही आईच्या नावावर लावली होती. गुरम्माचे गुडघे दुखायचे. "मामी पुढं, मामा मागं," असं म्हणून श्रीशैलने त्या दिवशी दोघांना हसवलं होतं.

शिकागोला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी गुरम्माचा डावा पाय सुजला. संध्याकाळी तिला धाप लागली. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली. रात्र काही निघाली नाही. त्यांच्यात माती देतात. गुरम्माला तिथेच, परक्या गावात माती दिली. रेवणप्पा महिनाभराने एकटे सोलापूरला आले. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी एकच सांगितलं, "प्रवासाचा काही त्रास झाला न्हाय तिला. दोन्ही विमानांत झोपून आली." लेकीचा दर रविवारी फोन यायचा. बोलता बोलता तिलाही ते हेच सांगायचे.

पहिल्या विमानात गुरम्मा खरंच पुढे बसली होती. ते चार तास तिला चाळीस तासांसारखे गेले. खुर्ची कशी पाडायची ते कळलं नाही, विचारायला भाषा नव्हती. ताटात काय आहे कुणास ठाऊक, म्हणून तिने घासही घेतला नाही. विमान बदलायच्या ठिकाणी ती बाकड्यावर गुडघा चोळत बसली.

"आता तितं तुमीच बसा," ती म्हणाली. "मला मागंच बरं."

त्यांच्या घरात पहिल्या बोलण्याला किंमत नसायची. वाढणारा वाढायचा, खाणारा नको म्हणायचा, पुन्हा आग्रह व्हायचा, पुन्हा नको, आणि मग भाकरी ताटात पडायची. शेंगापोळीचा शेवटचा तुकडा गुरम्मा नेहमी आधी नवऱ्याच्या ताटात टाकायची. ते तो तिच्याकडे सरकवायचे, ती पुन्हा त्यांच्याकडे, आणि शेवटी तो तिलाच खावा लागायचा. बेचाळीस वर्षं असंच चाललं होतं. त्यांनी एकदा जरी नको म्हटलं असतं तरी ती कुरकुर करत उठली असती आणि पुढे जाऊन बसली असती. खुर्ची कशी पाडायची ते विचारून घेता आलं असतं. ताटाचंही कुणाला तरी सांगता आलं असतं.

रेवणप्पा "बरं" म्हणाले.

गुरम्माने त्यांच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग पदर खोचून ती उठली. काउंटरवरच्या हिंदी समजणाऱ्या पोरीने दोन मिनिटांत व्हाउचर त्यांच्या नावावर करून दिलं.

विमानात ते गाढ झोपले. मध्ये एकदा जाग आली तेव्हा पडदा बाजूला करून मागे गेले. बेचाळिसाव्या रांगेत गुरम्मा दोन माणसांच्या मधे पाय आवळून बसली होती. डोळे मिटलेले होते. झोपली असेल म्हणून ते परत आले आणि पांघरूण ओढून घेतलं.

आता घरात ते खुर्चीतच डोळा लावतात. कधी दुपारी कंटाळून पलंगावर पाय पसरले, की शेजारी कुणीतरी जागा करून द्यायला आपले पाय आखडून घेतंय असं वाटतं. मग ते उठून बसतात.

"मला हितनं निघणार न्हाई ते," श्रीशैल म्हणत होता. "व्हाउचर ताईच्या खात्यातनं लागलंय. तिनंच काढायला पाहिजे. थांबा, लावतो."

"नको. तिची सकाळ असंल आता."

"उठली असंल की." त्याने फोन लावलाही होता. महेश्वरीचा चेहरा दिसल्यावर त्याने मोबाईल रेवणप्पांच्या हातात दिला. "बोला तुमी. मी चहा घेऊन येतो."

"अप्पा? सगळं बरं आहे ना?" महेश्वरी केस विंचरत होती.

"बरं हाय. ते दुसऱ्या विमानाचं तेवढं काढ."

"का?"

"मला मागंच बरं वाटतंय."

"चौदा तास बसून येणार? अव्वाचं तसं झाल्यावर मी तुम्हाला तसं बसवीन होय? तिच्या वर्षाच्या पुण्यस्मरणाला येताय, आणि..." ती थांबली. "जमणार नाही. काहीतरीच बोलू नका."

रेवणप्पांनी खुर्ची भिंतीकडे वळवली.

"महेश्वरी, त्या वेळी दुसऱ्या विमानात अव्वा पुढं नव्हती."

कंगवा केसांतच राहिला.

"मी होतो."

"माहीत आहे मला."

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी फोन जवळ धरला.

"नाव बदललं की मला मेल येतो, अप्पा. तुम्ही विमानात बसायच्या आधीच आला होता. मी ऑफिसात होते. म्हटलं, अव्वानं ढकललं असेल ह्यांना पुढं. हसू आलं मला."

"मग दवाखान्यात..."

"दवाखान्यात तुम्ही मला सांगितलं, झोपून आली म्हणून. मी डॉक्टरांना इंग्रजीत खरं तेच सांगितलं. चौदा तास बसून आलीय म्हणून."

ती इंग्रजी बोलत होती तेव्हा रेवणप्पा शेजारीच उभे होते. प्रत्येक वाक्याला त्यांनी मान हलवली होती. डॉक्टरने लिहिता लिहिता एकदा वर बघितलं होतं, तेही त्यांना आता आठवलं.

"वर्षभर बोलली न्हाईस."

"तुम्ही दर रविवारी म्हणायचात, झोपून आली ती. मला ऐकायला बरं वाटायचं. खोटं आहे हे माहीत असून."

बाहेर सिग्नल सुटला असावा, रिक्षांचे हॉर्न एकदम सुरू झाले. महेश्वरीने कंगवा बाजूला ठेवला.

"अप्पा, एकच विचारते. तुम्ही बसा, असं तीच म्हणाली असणार. ते विचारतच नाही मी." तिने ओठ आत ओढले. गुरम्मासुद्धा रडू आवरताना असंच करायची. "पण तुम्ही नको म्हणाला होतात ना? एकदा तरी?"

हेच सांगायचं राहिलं होतं. बाकीचं तिला ठाऊकच होतं. एवढं एक सांगितलं की संपलं, मग परत कधी काही झाकायला नको. रेवणप्पांनी तोंड उघडलं. पडद्यावर ती वाट बघत होती, आणि पापणीसुद्धा लवत नव्हती.

"दोनदा," ते म्हणाले. "दोनदा नको म्हणालो. ऐकलं न्हाय तिनं."

महेश्वरीने श्वास सोडला. मनगटाने डोळे पुसत ती हसली.

"ती कसली ऐकतेय."

"व्हय."

"मग ठेवते हं मी दोन्ही. आता काढ म्हणू नका."

रेवणप्पांनी काउंटरवरच्या कागदाकडे पाहिलं. आता काढ म्हणावं, तर ती का म्हणून विचारणार.

"ठेव," ते म्हणाले.

तिने फोन बंद केला. काळ्या पडद्याकडे ते तसेच बघत बसले. श्रीशैल चहाचे दोन ग्लास घेऊन आत आला, एक त्यांच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसला.

"काय म्हणाली ताई? काढते म्हणाली का?"

रेवणप्पांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. चहा गरम होता, तरी त्यांनी बोटं काढली नाहीत.

"झोपून या म्हणाली."