निघताना म्हणायचं ते

मागच्या थंडीत बबनराव साळवी बाथरूममध्ये घसरले आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. दाराबाहेरची दुधाची पिशवी तशीच दिसली म्हणून समोरच्या हंसाबेननी आपल्याकडची चावी लावून दार उघडलं, नाहीतर आटोपलंच होतं. तेव्हापासून डब्लिनला नोकरी करणाऱ्या त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, क्षितिजाच्या जिवाला घोर लागला. तिने घोडबंदरच्या बाजूला एक वृद्धाश्रमही हेरून ठेवला. बबनरावांनी तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, तेव्हा कुठे तडजोड म्हणून घरात तो बोलका डबा आला.

डबा दिसायला मुठीएवढा, पण त्याचा रुबाब मोठा; घरातले दिवे-पंखेही त्याच्याच ताब्यात. निघताना त्याला ‘मैं जा रहा हूँ’ सांगायचं, परतल्यावर ‘मैं आ गया’ सांगायचं, की डब्लिनला निरोप पोहोचणार. हे जमलं तर भाईंदर पूर्वेचं घर, नाही जमलं तर घोडबंदर. क्षितिजाने तसं स्पष्टच बजावलं होतं.

डब्याला मराठी येत नव्हती. कुठकुठल्या देशांच्या भाषा त्याला यायच्या, पण ज्या घरात तो बसला होता त्या घराची नाही. बबनरावांची हिंदी तशी बरी होती. भाजीवाला, रिक्षावाला, सोसायटीचा सेक्रेटरी, हंसाबेन, सगळ्यांशी जन्मभर हिंदीच चालली होती. पण हिंदी ही चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची गोष्ट होती. आत आलं की बायको आनंदीबाई आणि मराठी. आनंदीबाई वारल्या, आणि आता घरातही हिंदी आली. एखाद्या रविवारी लेकीचा फोन चुकला तर आठवडाभर कुणाशी मराठी बोलणं होत नसे. कधीकधी ते उगाच मोठ्याने विचारत, “चहा टाकू का गं?” डबा म्हणायचा, “माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई.” तुला नाही विचारलं, असं त्याला तोडून टाकून बबनराव एकट्यापुरता चहा टाकत.

खरी अडचण वेगळीच होती. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे साळव्यांच्या घरात अगदी अंगात मुरलेलं. लहानपणी क्षितिजा शाळेला निघताना चुकून जाते म्हणाली, तर आई तिला आत बोलावून, खाली बसवून, घोटभर पाणी पाजायची आणि मगच सोडायची. आनंदीबाईंच्या माघारीही बबनराव उंबऱ्यात थांबून ‘येतो गं’ म्हणत. आतून ‘या’ ऐकू येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते वेडे नव्हते, फक्त एकटे होते. त्याच उंबऱ्यात उभं राहून त्याच घराला ‘जा रहा हूँ’ म्हणायला जीभ उचलत नसे. म्हणून त्यांनी बाहेर पडणंच टाकलं. भाजी हंसाबेन आणून देऊ लागल्या.

अशात काशीगावच्या धाकूला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं. कारखान्यात दोघे शेजारशेजारच्या मशीनवर होते. जायला तर हवंच. बबनरावांनी दारात जरा विचार केला आणि आपल्या रीतीची हिंदी केली, “मैं आता हूँ.”

“घर में स्वागत है,” डबा म्हणाला आणि त्याने हॉलमधला दिवा लावला.

बाहेर निघालेल्या माणसाचं स्वागत! बबनरावांना हसू आलं. त्या नादात चार्जिंगला लावलेला फोन घरीच राहिला.

धाकूला बोलता येत नव्हतं. त्याने बबनरावांचा हात धरला तो सोडेचना. बबनराव बसून राहिले. इकडे डब्लिनला निरोप गेला होता की बाबा घरी आहेत. क्षितिजाने फोन केला, उचलला नाही. डब्यातून हाका मारल्या, उत्तर नाही. घरात असलेला बाप ओ देत नाही, याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता.

संध्याकाळी बबनराव परतले तर दार सताड उघडं. वॉचमन पलंगाखाली डोकावत होता. हंसाबेन फोन हातात धरून रडत होत्या आणि फोनमध्ये क्षितिजा रडत होती. बबनरावांना बघून हंसाबेननी फोन त्यांच्या हातात दिला. कहाँ चले गये थे बबनभाई, एवढंच त्यांना बोलवलं.

“एक वाक्य होतं, बाबा,” क्षितिजा म्हणाली. “मी इथे तिकिटं बघत होते.”

“घराला जातो कसं म्हणू, क्षिती?”

“हिंदीत तर म्हणायचंय. हिंदीत काय होतं?”

“घर मराठी आहे ना, बाळा.”

डब्लिनला निघताना विमानतळावर तूही येते म्हणाली होतीस, हे बबनरावांच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. पोर आधीच रडवेली झाली होती.

“मला इथून दुसरं काहीच करता येत नाही हो,” ती म्हणाली. “तेवढं म्हणा. नाहीतर मी उद्याच घोडबंदरला फोन करते.”

म्हणेन, असं त्यांनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी औषधं आणायला निघताना बबनरावांनी चपला घातल्या, आत एकदा बघून घेतलं आणि आनंदीबाईंना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, “मैं जा रहा हूँ.” डब्यालाही ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा बोलायला सांगितलं. मग त्यांना ते मोठ्याने म्हणावं लागलं.

“ठीक है,” डबा म्हणाला आणि त्याने दिवा, पंखा बंद केला. डब्लिनहून लगेच फोनवर अंगठ्याचं चित्र आलं. त्यावर पुन्हा ‘येतो गं’ म्हणायला बबनरावांना तोंडच उरलं नाही. त्यांनी कुलूप लावलं आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले. एवढ्या संसारात पहिल्यांदाच ते कुणालाही परत यायचं वचन न देता घरातून निघाले होते.