एकेचाळीस टाचण्या

कचराकुंडीची जागा एका दिवसात ठरली, तर नगरपालिकेच्या साहेबांच्या तीन बैठका वाचणार होत्या आणि वरच्या कचेरीत ‘शंभर टक्के लोकसहभाग’ असा अहवाल जाणार होता. गल्लीचंही नाक धरून चालणं संपणार होतं. मला मात्र काही मिळणार नव्हतं, कारण मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक. सुताराने मला शाळेसाठी घडवलं. निकालाच्या दिवशी मुलं माझ्यावर झुंबड करत, आणि नापासांच्या आया मलाच बोल लावत. अंगावरचं हिरवं कापड विटलं तेव्हा या सभागृहाच्या कोपऱ्यात आलो. पुढे कित्येक वर्षं लोकांनी मला नुसत्या ओल्या छत्र्या टेकवल्या.

त्या रविवारी साहेबांनी मला पुसून गल्लीचा नकाशा चिकटवला आणि घरटी एक टाचणी दिली. “कुंडी हवी तिथे लावा.”

शिंपीकाकांनी आधी स्वतःचं दार शोधलं, आणि टाचणी पार दुसऱ्या टोकाला लावली. त्या टोकाचे मास्तर पुढे आले.

“अहो, हे माझं दार.”

“मग काय, माझ्या दारात लावू?”

बाकीच्यांनीही तसंच केलं. मी चक्रावलो. कुंडी सगळ्यांनाच हवी होती, आणि कुणालाच नको होती! तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “इस्त्रीवाली आलीय का?”

आली नव्हती. मग एकेक टाचणी उपटून तिच्या दारात रोवली गेली. एकेचाळीस. साहेब म्हणाले, “वा, एकमत.” सगळ्यांच्या अंगावर तिनेच इस्त्री केलेले सदरे होते.

कपडे पोचवून ती आली, तेव्हा सभा उठत होती.

“साहेब, माझ्या दारात धुतलेले कपडे असतात. कुंडीजवळचा सदरा कोण घालेल?”

“बहुमत झालंय, ताई. पण तुमचीही टाचणी आहे. लावा कुठेही.”

तिने टाचणी घेतली. नकाशावर हात फिरत राहिला. “इथे आजोबांना दमा आहे. इथे बाळंतीण. इथे...” प्रत्येक दार तिच्या ओळखीचं. शेवटी टाचणी टेबलावर ठेवून ती निघून गेली. साहेबांनी अहवालात बेचाळीस लिहिल्या.

कुंडी आली, गल्ली स्वच्छ झाली. महिन्याभरात शिंपीकाका आपले कपडे दुसरीकडे देऊ लागले. “काय करणार, हिच्याकडच्या कपड्यांना वास येतो हो.” हळूहळू बाकीचेही गेले. परवा तिने टेबल आणि इस्त्री विकली.

मित्रांनो, मला अजून उमगत नाही. नियम पाळला गेला, जबरदस्ती कुणी केली नाही, मग चुकलं कोण? मी लाकूड, मला उठून बघता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. टाचणी लावण्याआधी नकाशावरच्या त्या चौकोनात कोण राहतं, ते जाऊन बघत जा.

हिशेब मात्र मला पाठ आहे. साहेबांना शाबासकी, एकेचाळीस घरांना मोकळं दार, माझ्या अंगाला भोकं. आणि मोल मोजलं एकटीने, जिने कुणाच्याच दारात टाचणी लावली नाही.