इमानमाळाचं आख्यान

रामनवमीच्या उत्सवात तिसऱ्या दिवशी बळवंतबुवांनी जे आख्यान लावलं, ते पोथ्यापुराणांतलं नव्हतं. तारापूरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं हा माणूस एकाच गोष्टीच्या मागे होता. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, महायुद्धात एक धावपट्टी बांधली होती. आज तिथे गवताच्या गंज्या रचतात, म्हशी बसतात आणि गाववाले त्या जागेला इमानमाळ, म्हणजे विमानाचा माळ म्हणतात, एवढंच. बुवांनी दफ्तरं धुंडाळली, परदेशी पत्रं पाठवली, पायांनी माळ मोजला. हाती लागल्या दोन ओळी. चव्वेचाळीस साली विमान उतरताना पेटलं, एक वैमानिक गेला.

दोन ओळींवर कीर्तन उभं राहत नाही. म्हणून बुवांनी रंग भरला. खडी फोडणारे मजूर जीव घेऊन रानात पळाले आणि परक्या मुलखात तो पोरसवदा वैमानिक एकटा जळाला. देवाशिवाय त्याला कोणी नव्हतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वयाने मोठी माणसंसुद्धा बुवांच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी विकणारी ठमी बुवांच्या दारात आली. डोक्यावरची पाटी तिने उतरवली नाही. आदल्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, आईनं बोलावलंय, आजच चल.

ठमीची आई जिवली, ऐंशीच्या पुढची. कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. तिचा बापूस सुका त्याच मजुरांतला. विमान पेटलं तेव्हा जिवली पोटात होती. तिला ठाऊक होतं ते तिच्या आयशीने सांगितलेलं.

"पळाला तो," जिवली म्हणाली. "खरं हाय तुझं. पन आगीकडं पळाला. उजव्या हातात कोयता, त्यानं इमानवाल्याचा पट्टा कापला. डाव्यानं त्याचा खांदा धरला. डावा हात पार गेला. नवव्या दिशी बापूस पन गेला."

कागद आहे का काही, असं विचारायला बुवांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. रानात पळणारे मजूर रचताना त्यांनी कुठला कागद पाहिला होता? चार पिढ्या इथे राबलेल्या माणसांना त्यांनी एका संध्याकाळी भेकड ठरवलं होतं, तेही टाळांच्या गजरात. आज कीर्तनाआधी सर्वांची क्षमा मागतो, म्हणाले.

जिवलीने मान हलवली. तेवढ्याने भागणार नव्हतं.

"आमच्यात गानारा असतो, कामडी, तो मयताच्या दिवसाला गातो. गात गात मेलेल्याला पूर्वजांत पोचवतो. गाताना चुकला तर परत पयल्यापासून गातो. नाय तर मेलेला अर्ध्या वाटेत ऱ्हातो. तू पन गानारा ना? मग तुला कसं माहीत नाय?"

त्या संध्याकाळी फळ्यावर शबरीचं आख्यान लिहिलेलं होतं. बुवांनी ते पुसायला सांगितलं, तेव्हा उत्सव समितीचे शिवाजीराव अस्वस्थ झाले. लोक रोज नवं ऐकायला येतात. दोन शब्दांत चूक सांगा आणि पुढे चला, असं त्यांचं म्हणणं. मग आवाज उतरवून म्हणाले, मुळात कुणाला कळणार आहे, बुवा? त्यांचा हेतू वाईट नव्हता, माणूस भला होता. बुवा एवढंच म्हणाले, की नारदाच्या गादीवर उभं राहून मी खोटं बोललो, ते गादीला कळलंय.

ठमी आईला घेऊन आली आणि तिला पुढच्या सतरंजीवर बसवलं. बुवांनी हार घालून घेतला नाही. कालचंच आख्यान पहिल्या शब्दापासून लावलं. लोकांत कुजबुज झाली. पेटीवरच्या धीरजने वर पाहिलं. बुवांनी नुसती मान डोलावली. विमान पेटलं तिथे ते थांबले.

"इथे काल मी खोटं सांगितलं. त्यातला सुका नावाचा मजूर रानात पळाला नव्हता. हे मला सुकाच्या लेकीने सांगितलं. त्याला कागद नाही. माझ्या खोट्यालाही नव्हता."

बुवा गाऊ लागले. सुका आगीकडे निघाला. आवाज भरून आला, डोळ्यांपुढचं धूसर झालं आणि त्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, की डाव्या हातात कोयता घेऊन.

"उजव्या," जिवली पुढून म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. शिवाजीरावांनी घड्याळाकडे पाहिलं. बुवांनी जिवलीकडे बघून हात जोडले, उपरण्याने तोंड पुसलं.

"धीरज," ते म्हणाले, "पहिल्यापासून."

धीरजने काही न विचारता भाता ओढला. जिवलीने पदर सावरला आणि ती पुन्हा ऐकायला बसली.