यादीत एक मशीन लिहा

“पगाराचा पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि विसरून जा,” असं तो बँकेतून आलेला मुलगा म्हणाला, तेव्हा कँटीनमधल्या चाळीस पोरींपैकी एकीनेही ताटातून मान वर केली नाही. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि त्यातली वीस मिनिटं त्याच्या भाषणाने खाल्ली होती.

मी इन्शिराह. इजिप्तमधल्या महल्ला शहरातल्या या कारखान्यात एकोणतीस वर्षं शर्टांना काज करते आहे. तोंड बंद ठेवणं मला कधी जमलं नाही.

“बाळा, विसरून कसं जायचं?” मी विचारलं. “माझा भाऊ विसरत नाही ना.”

पोरी खिदळल्या. तो गोंधळला. “म्हणजे?”

“बँकेत पैसे आहेत हे कळलं की भाऊ दारात हजर. ताई, काढून दे, पुढच्या महिन्यात देतो. नाही म्हटलं की मी कंजूष, दगडाच्या काळजाची. पण ‘भिशीचे आहेत’ म्हटलं की तो आल्या पावली परत जातो. हप्ता चुकला तर चौदा बायका माझ्या दारात येऊन उभ्या राहतील, हे त्याला ठाऊक आहे.”

“पण हाज्जा, भिशीवर व्याज कुठे मिळतं?”

“नाही मिळत. भावाला नाही म्हणायची सोय मिळते. ती देते का तुझी बँक?”

त्याने पत्रकं वाटली आणि काढता पाय घेतला. पोरगा वाईट नव्हता. त्याला बहुधा बहिणीकडे मागायची सवय असावी.

माझी भिशी पंधरा जणींची, महिन्याला दोन-दोन हजार पौंडांची. पहिली पाळी कुणाची ते मी ठरवते. आजारपण आधी, मग लग्न, मग बाकीचं. या खेपेला पहिली पाळी माझ्या धाकट्या बहिणीच्या पोरीची, रवानची होती. रवान आमच्याच कारखान्यात ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर बसते. ईदनंतर तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा वाएल, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

पैसे जमले त्या दिवशी बहीण, अतियात, माझ्याकडे आली. “तीस हजार माझ्याच हातात दे. नीश ठरवून आलेय. तीन दारांचं, आत दिवे असलेलं.”

नीश म्हणजे नवरीने न्यायचं काचेचं कपाट, कपबशांनी भरलेलं. माझ्या नीशमधला सोनेरी काठाचा सेट सव्वीस वर्षांत एकदाही ओला झाला नाही, चहा आम्ही काचेच्या पेल्यातूनच प्यायलो. नवरा गेल्यावर विकायला काढला तर भंगारवाला म्हणाला, कपाटाचे देतो, कप तसेच टाका वर. मी त्याला हाकलून दिलं होतं.

आणि रवान मला आदल्याच दिवशी भेटून गेली होती. “मावशी, जुनं ओव्हरलॉक सव्वीस हजाराला मिळतंय. मला तेच हवंय. आणि ते कायम्यात लिहून हवंय.”

कायमा म्हणजे संसाराची यादी. त्यात लिहिलेली प्रत्येक वस्तू बायकोची, असं नवरा सही करून कबूल करतो. उद्या काही बिनसलं तर तेवढंच तिचं. आजवर त्या यादीत मी फ्रिज पाहिले, गालिचे पाहिले, उशांचे अभ्रेसुद्धा पाहिले. कमावून देणारी वस्तू एकदाही पाहिली नाही.

“हप्ता भरणारीच्या हातात पैसे पडतात, अतियात,” मी म्हणाले. “बावीस वर्षं हाच नियम आहे.”

“तुला पोरगी नाही ना, म्हणून हे धंदे सुचतात!”

ते लागलं. बहिणीने म्हटल्यामुळे जास्तच लागलं. पण पैसे मी रवानच्याच हातात ठेवले.

शुक्रवारी दोन्ही घरं यादी करायला बसली. वाएलचे मुख्तारकाका चष्मा लावून आमची कच्ची यादी मोठ्याने वाचत पक्क्या कागदावर उतरवत होते. फ्रिज एक, शेगडी एक, गालिचे दोन. नंतर ते थांबले.

“ओव्हरलॉक मशीन, एक? हे काय? आमच्या घरात शिंपीकाम चालणार?”

“लोक म्हणतील, माझा मुलगा बायकोच्या शिलाईवर जगतो,” वाएलची आई म्हणाली.

“म्हणू देत, काकी,” रवान म्हणाली. “लोक आपलं वीजबिल भरत नाहीत.”

वाएलने हळूच विचारलं, “महिन्याला किती सुटतील?”

“खर्च वजा जाता पाच हजार.”

काकांनी काढलेला चष्मा पुन्हा लावला. आवाजात एकदम साय आली. “असं करू. मशीन येऊ दे, हरकत नाही. फक्त यादीत नको. घरातली वस्तू घराचीच राहू दे.”

“वा, मुख्तारभाई!” मला राहवलं नाही. “पैसे भिशीचे, पुढचे चौदा हप्ते ती फेडणार, पाठ मोडून ती बसणार, आणि मशीन घराचं? मग वाएलच्या दुकानाचा गल्लाही घराचाच धरू. लिहिता?”

अतियातने मला कचकन चिमटा काढला. रवानने मात्र काकांच्या हातातलं पेन घेतलं, पक्क्या कागदावर स्वतःच्या अक्षरात ती ओळ लिहिली आणि तो वाएलसमोर फिरवला.

“मला लग्न तुझ्याशी करायचंय, काकांशी नाही. सही तू कर.”

वाएलने पेन उचललं. आईकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं. “विचार करून सांगतो,” तो म्हणाला.

ते उठून गेले. बसबूसाचं, रव्याच्या गोड वड्यांचं ताट तसंच राहिलं, काकांनी आधीच खाल्लेले दोन तुकडे सोडून.

“पोरीचं घर बसायच्या आत मोडलंस,” अतियात मला म्हणाली, आणि आठ दिवस तिने माझं तोंड पाहिलं नाही. रवान माझ्याकडे येऊन पोटभर रडली. तिला तो मुलगा आवडत होता, त्यात खोटं काही नव्हतं.

“मावशी, चुकलं का माझं?”

“नाही,” मी म्हणाले. तिच्या वयात मला कुणी विचारलं असतं तर मीही सही मागितली असती, अशी माझी समजूत आहे. खरं म्हणजे मला तेव्हा तसं सुचलंसुद्धा नव्हतं.

आठ दिवसांनी, शनिवारी, अतियातच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी मशीन आलं. वाएलचा निरोप अजून आला नव्हता. हमालांनी ते दुसऱ्या मजल्यावर टेकवलं, वरच्या दोन मजल्यांचे आणखी शंभर मागितले आणि हुज्जत घालून निघून गेले. रवान आणि मी ओढत ओढत तिसऱ्यापर्यंत आलो. माझे गुडघे बोलायला लागले. तेवढ्यात शेजारीण दारातून डोकावली आणि वरच्या अंगाला ओरडली, “मबरूक, अतियात, अभिनंदन! नवरीचा फ्रिज आला वाटतं!”

वरचं दार उघडलं. अतियात घरातल्या ओढणीत बाहेर आली आणि कठड्यावरून खाली पाहत राहिली. आता ही आत जाऊन दार लावून घेणार, असं मला वाटलं.

“फ्रिज नाही, मशीन आहे,” ती सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “माझ्या पोरीचं आहे.”

मग ती खाली उतरली, माझ्याकडे न बघता बाह्या वर केल्या आणि मशीनची जड बाजू धरली.

“उचल,” ती म्हणाली.