तळ्याकडचा उतार

जावयांनी मला त्यांचं उपनगर दाखवायला नेलं, तेव्हा मी नकार आधीच ठरवून ठेवला होता. लपवला नव्हता, फक्त बोलून दाखवला नव्हता.

झालं होतं असं, की शहरातल्या माझ्या घराच्या जिन्यावरून मी घसरले. मोडलं काही नाही, गुडघे तेवढे धरले, पण तेव्हापासून लेकीने धोशा लावला की आता एकटीने राहायचं नाही, आमच्याकडे यायचं, खोली तयार आहे. मी जन्मभर पडदे शिवले. दुकान चालवलं, नवऱ्यामागे लेकीला वाढवलं, गिऱ्हाइकांशी वाद घातले आणि बहुतेक जिंकलेही. आता लेकीच्या घरी जाऊन कपाटातल्या चांगल्या कपबशीसारखं बसायचं? सगळे जपणार, हळू बोलणार, मला उठू देणार नाहीत. मरणाची भीती मला नाही, पण या जपण्याची फार वाटते. तरी एक दिवस येऊन बघते, एवढं मी कबूल केलं. बघून दिलेल्या नकाराला वजन येतं.

त्यांनी ते घर घेऊन वर्ष होत आलं होतं. सामान लागायच्या आधी मी एकदा उभ्या उभ्या जाऊन आले होते, पुढे लेकच दर रविवारी माझ्याकडे यायची. जावई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतात. माणूस गरीब, पण एखाद्या गोष्टीचं वेड घेतलं की संपलं. या वर्षभरात त्यांनी उपनगराचं असं काही वेड घेतलं होतं, की तिथे जन्मलेल्यांनाही चार गोष्टी हे ऐकवत.

बसमधून उतरल्या उतरल्या चिमणी आली. जुन्या वीट कारखान्याची. कारखाना कधीच गेला, चिमणी तेवढी उभी, आणि तिच्या टोकावर पक्ष्यांनी घरटी केलेली. तुमच्या शहरातल्या निम्म्या भिंती इथल्या मातीच्या आहेत, असं जावयांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे चांगला माल आम्ही आधीच नेला, आता बघायला उरलंय काय? त्यांनी हसण्यावारी नेलं आणि मला तळ्याकडे वळवलं.

तळं म्हणजे मातीसाठी खणलेला खड्डा, पुढे त्यात पाणी साठलं. मी खड्डा म्हणत होते, ते तळं म्हणत होते, आणि एक फेरी आम्ही अशीच पूर्ण केली. मग जुनं सिनेमागृह. तिथे आता बाथरूमच्या फरश्यांचं दुकान आहे. बाल्कनीत ओळीने न्हाणीचे टब मांडलेले, जिथे पडदा होता तिथे भिंतभर निळ्या फरश्या. मला ते मनापासून आवडलं. एका टबमध्ये बसून बघायचा मोहही झाला. पण तोंडावरची सुरकुती मी हलू दिली नाही.

घोटाळा न्हाव्याच्या दुकानापासून सुरू झाला. न्हावी हातात वस्तरा घेऊनच दारात आला आणि काही ओळखदेख नसताना म्हणाला की इथलं पाणी गुडघ्यांना फार मानवतं. मी म्हटलं, असेल. पुढे वाचनालय होतं. तिथल्या बाईंनी पुस्तकाला शिक्का मारता मारता मान वर केली आणि इथलं पाणी गुडघ्यांना फार मानवतं, असं सांगितलं. औषधवाल्याने तर रस्ता ओलांडून येऊन सांगितलं. म्हणजे ज्याचा धंदा औषधाचा, तो पाण्याची तारीफ करतोय. मला काय समजायचं ते समजलं. जावयांनी आदल्या दिवशी गल्लोगल्ली फिरून सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, आणि प्रत्येकाला वेगळं वाक्य द्यायचं मात्र सुचलं नव्हतं.

तळ्यावर पायडलच्या होड्या भाड्याने देणारा एक म्हातारा होता. त्यानेही तेच वाक्य म्हटलं. मी विचारलं, तुमचे गुडघे कसे आहेत?

“गेले हो,” तो म्हणाला. “दोन्ही. पावलं टाकताना जीव जातो.”

जावयांचे कान लाल झाले. खरं सांगते, मला राग आला होता. आडून आडून हाताळलेलं मला खपत नाही. अजून त्यांच्या घरात राहायलाही आले नव्हते, तर अख्खं गाव माझ्याशी हळुवार बोलायला लागलं होतं. नकार माझ्या ओठांवर आला होता, पण तो लेकीसमोरच द्यावा म्हणून मी गिळला.

लेक दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्युटी संध्याकाळी संपायची होती. तोवर जावयांनी मला घरी नेलं आणि ‘तुमची खोली’ म्हणत दार उघडलं. खोली चांगली होती. खिडकीतून ती चिमणी दिसत होती. पलंग, कपाट, खुर्ची, सगळं जागच्या जागी. आणि खिडकीला जमिनीपर्यंत येणारा चौकड्याचा पडदा.

तो पडदा बघितला आणि मी कपाळाला हात लावला. खालची दुमड तिरकी कापलेली. एका टोकाला चौकडा पुरा, दुसऱ्या टोकाला अर्धा. चौकड्याचं कापड वाकडं कापायचं नाही, हे मी लेकीला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. असा पडदा माझ्या दुकानातून गेला असता, तर मी रात्रभर झोपले नसते.

“ही कात्री कोणी चालवली?” मी विचारलं.

मी दुमड जवळून बघायला खाली बसले, पर्समधलं दोऱ्याचं रीळ काढून जमिनीवर ठेवलं. ते ठेवलं तिथून निघालं. आधी सावकाश, मग जोरात, खोलीच्या दाराबाहेर, बोळातून, स्वयंपाकघराकडे. जावई त्याच्या मागे धावले. मी उठून दारात आले तेव्हा ते फ्रीजपुढे पालथे पडून खाली हात घालत होते.

“जावईबापू,” मी म्हटलं, “घर कललंय.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. फ्रीजखालूनच त्यांनी सगळं सांगितलं. कारखान्याचा खड्डा एक नव्हता, अनेक होते. एक तळं झालं, बाकीचे राख आणि फुटक्या विटांनी भरले आणि वर घरं बांधली. भराव हळूहळू दबला आणि सगळी घरं तळ्याकडे जराशी कलली. धोका नाही, मोजमाप करणारे येऊन तपासून जातात, कित्येक वर्षांत काही हललेलं नाही. पण उतार आहे तो आहे. चहा कपात एका अंगाला चढलेला दिसतो. पोरं पैज लावून घरातल्या घरात गोट्या सोडतात. सुताराकडे टेबल करायला गेलं, तर तो लाकूड कुठलं हे नंतर विचारतो, आधी विचारतो गल्ली कोणती. प्रत्येक गल्लीचा उतार वेगळा, त्या हिशोबाने तो दोन पाय आखूड ठेवतो. घर बदललं की लोक टेबल शेजाऱ्याला देऊन जातात, कारण दुसऱ्या गल्लीत ते उभंच राहत नाही.

मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून हसायला लागले. पोट दुखेपर्यंत हसले. हसता हसताच त्यांना झापलं. एवढं सगळं घरात असताना तुम्ही मला चिमणी दाखवत हिंडलात? ते म्हणाले, शहरातून येणाऱ्याला हे सांगितलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. लेकीनेच बजावलं होतं, आईला कळता कामा नये, आईला वाकडं काही चालत नाही.

तेवढ्यात लेक आली. फ्रीज पुढे ओढलेला, नवरा धुळीने माखलेला आणि आईच्या हातात रीळ, एवढं बघून ती दारातच थांबली. तिचं तोंड एवढंसं झालं. मी तिला हाताला धरून पडद्याजवळ नेलं आणि फक्त दुमड दाखवली.

“पहिला सरळच शिवला होता,” ती म्हणाली. “तू शिकवलंस तसा. लावला तर खाली एका बाजूला ही एवढी फट. सरळ पडदा या घरात वाकडा दिसायला लागला. मी रडले, आई. मग नवं कापड आणलं आणि जमिनीबरोबर कापलं.”

“मला विचारायचंस.”

“तू म्हणाली असतीस, घर बदल.”

ते खरं होतं. मी तेच म्हणाले असते.

मग मी घरभर फिरून सगळे पडदे बघितले. दर खिडकीचा उतार वेगळा, दर पडद्याची कापणी वेगळी. बाहेरच्या खोलीत थोडी, स्वयंपाकघरात जास्त. एकाही दुमडीला सुरकुती नव्हती आणि एकाही टाक्यात घाई नव्हती. जमिनीवर पडूनपडून तिने हे मापलं असणार. सरळ कापणं मी कोणालाही शिकवीन, पण वाकड्याला वाकडं इतकं नेमकं जुळवणं मला स्वतःला जमेल की नाही, सांगता येत नाही. मला तिचा अभिमान वाटला, तसं मी तिला सांगितलंही. आणि जरा वाईट वाटलं, तेही सांगून टाकते. आजवर मला मनातून वाटायचं की ही इथे तात्पुरती आहे, कधीतरी परत शहरात येईल, दुकान उघडेल. जी माणसं परत जायची असतात, ती जमिनीबरोबर पडदे कापत नाहीत.

परत त्या खोलीत आले. सगळं घर बघून झाल्यावर ती खोली वेगळी वाटायला लागली. मी गुडघे सांभाळत खाली वाकून पलंगाखाली बघितलं. तळ्याकडच्या, म्हणजे दाराकडच्या, दोन्ही पायांखाली लाकडाच्या पाचरी होत्या. छान रंधा मारून, पॉलिश केलेल्या. कपाटाखाली पाचरी, खुर्चीखाली पाचरी, उशाशी ठेवलेल्या छोट्या टेबलाखालीसुद्धा. आईला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला होता. साऱ्या घरात, बहुधा साऱ्या उपनगरात, सपाट अशी एकच जागा होती आणि ती माझ्यासाठी राखून ठेवली होती.

दोघं दारात उभी होती. मी काय म्हणणार याची दोघांनाही धास्ती होती, आणि सकाळी ठरवून आणलेला नकार अजून माझ्याकडे होता. तो द्यायला ही वेळ बरोबर होती. मी पलंगावर बसले, उठले, पुन्हा बसले.

“ह्या पाचरी काढा,” मी जावयांना म्हटलं. “सगळ्या. तुम्ही जसे झोपता तशीच मी झोपेन.”

लेक रडायला लागली. जावई तिथेच खाली बसून पलंगाचा पाय उचलायला लागले, त्यांना म्हटलं, आज नको हो, सामान यायच्या दिवशी काढा.

“फक्त डोकं कुठल्या बाजूला करायचं, ते सांगून ठेवा.”

दोघांनी एकदम हात केले. लेकीने खिडकीकडे, जावयांनी दाराकडे. दाराकडे डोकं केलं की रक्त डोक्यात उतरतं, असं लेक म्हणाली. खिडकीकडे केलं की माणूस रात्रभर पायथ्याकडे घसरतो, असं जावई म्हणाले, आणि तू रोज घसरतेस, सकाळी मलाच वर ओढावं लागतं, हेही म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही घोरता त्याचं आधी बघा. माझ्या देखत ती दोघं कधी भांडली नव्हती. आता मी आहे हेही विसरून चांगलीच जुंपली. मी चपला काढल्या, पलंगावर पाय वर घेतले आणि ऐकत बसले.